म्हातारपणाची बेगमी

सन १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरली. सरकारनियुक्त कारखाना आयोगापुढे ठेवण्यासाठी त्या सभेने ज्या मागण्या मंजूर केल्या, त्या वाचताना वाचकाच्या सहसा ध्यानात न येणारी गोष्ट अशी की, त्यांत म्हातारपणाचा उल्लेखच नाही. रविवारी पूर्ण सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मागल्या महिन्याचा पगार चालू महिन्याच्या १५ तारखेच्या आत हाती पडावा, यंत्रात सापडून दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पगार चालू राहावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास उदरनिर्वाहाची काही तजवीज व्हावी, एवढेच त्या काळच्या कामगाराने मागितले. हात तुटला तर मालकाने पोसावे हे त्याला न्याय्य वाटत होते. हात थकले तर कोणी पोसावे, हा प्रश्न त्याने मालकाच्या दारी नेलाच नव्हता. त्याचे उत्तर रत्नागिरीकडच्या एखाद्या कौलारू घरात किंवा साताऱ्याकडच्या वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यात त्याने आधीच ठरवून ठेवलेले होते.

म्हातारपणाची पुंजी धन्याच्या अथवा सरकारच्या हाती सोपवावी, की आपली आपण सांभाळावी, हा प्रश्न हल्ली करसवलती, म्युच्युअल फंड आणि परताव्याचे दर यांच्या परिभाषेत चर्चिला जातो, आणि कागदावर व्याजाचे कोष्टक मांडले की त्याचा निकाल लागतो असे सांगणाऱ्यांचीही वाण नाही. परंतु महाराष्ट्रातील गेल्या दोन-अडीचशे वर्षांचा जमाखर्च तपासला, तर व्याजाचा दर ही त्यातील दुय्यम बाब ठरते, असे माझे मत झाले आहे. चाकरमान्याच्या पैशावर सावकाराचा, दिवाणी न्यायालयाच्या जप्तीचा, भाऊबंदांचा आणि खुद्द त्याच्या स्वतःच्या निकडीचा हात पडू नये, हे निवृत्तिनिधीचे खरे काम होते. आणि जो पैसा इतक्या हातांच्या आवाक्याबाहेर गेला, तो ज्याचा त्याच्याही नजरेआड गेला, ही त्या कामाची त्याला मोजावी लागलेली किंमत होती.

आपल्याकडील राज्यकर्त्यांना या प्रकारची तरतूद अपरिचित नव्हती. अफझलखानाच्या प्रसंगात कामी आलेल्या लोकांच्या मुलांना शिवाजी महाराजांनी चाकरीत घेतले व ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या स्त्रियांना निमे वेतन बांधून दिले, असे सभासद बखरीत नमूद आहे. पुढे पेशवाईत बालपरवेशी, वर्षासन, नक्त नेमणूक, इनाम जमीन अशा नाना रूपांनी ही परंपरा चालू राहिली. चाळीस वर्षे सेवा केलेल्या सेवकाला सेवेवाचून अर्धे वेतन द्यावे, या शुक्रनीतीतील वचनाचा आधारही या संदर्भात मोठ्या अभिमानाने दिला जातो. पण तो ग्रंथ प्राचीन की अव्वल इंग्रजीतला, याविषयीच विद्वानांत वाद असल्यामुळे त्यावर फार मोठी इमारत न उभारणे बरे. या सर्व नेमणुकांचा पाया एकच होता, आणि तो म्हणजे धन्याची मर्जी. सनद हाती असली तरी धनी बदलला की सनदेची फेरतपासणी व्हायचीच. सन १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने राज्य सोडून ब्रह्मावर्तास जाताना सालीना आठ लाखांचा तनखा पदरात पाडून घेतला खरा, पण १८५१ मध्ये तो वारल्यावर त्याच्या दत्तक पुत्राला कंपनी सरकारने तो नाकारला, आणि त्याचे पर्यवसान कशात झाले हे सर्वश्रुत आहे. पेशव्याच्या वारसाची ही गत, तर चार बिघे इनामावर जगणाऱ्या भिक्षुकाची किंवा शिलेदाराच्या नातवाची कथा ती काय! सन १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन मुंबई इलाख्यात बसले, गावोगावची दप्तरे उघडली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंतपणे खाल्लेल्या उत्पन्नाचे कागद शोधण्यासाठी घरोघरच्या फडताळांतील बोचकी सुटली.

इंग्रजांनी १८७१ साली पेन्शनांविषयी जो कायदा केला, त्यात या व्यवहाराची दोन्ही अंगे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. एका कलमाने असे ठरवले की, सरकारी पेन्शनसंबंधीचा दावा दिवाणी न्यायालयाने परस्पर ऐकू नये. म्हणजे देणे हा सरकारचा अनुग्रह, घेणाऱ्याचा हक्क नव्हे. दुसऱ्या कलमाने असे ठरवले की, पूर्वसेवेबद्दल मिळणारे पेन्शन कोणत्याही सावकाराला न्यायालयामार्फत जप्त करता येऊ नये. पहिल्या कलमातील उद्दामपणा पुढे शंभर वर्षांनी धुऊन निघाला. पेन्शन ही खैरात नव्हे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला, आणि १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यातील निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तो दिवस निवृत्तिवेतनधारक अजूनही पाळतात. दुसरे कलम मात्र पहिल्यापासूनच मोलाचे होते, आणि त्याचे मोल पुण्याच्या पेठांपेक्षा दापोलीच्या छावणीत अधिक चांगले कळत होते.

काप दापोली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या ठिकाणी मुंबई लष्करातून निवृत्त झालेले शिपाई, हवालदार, सुभेदार स्थायिक होत, आणि त्यांत महार पलटणींतील लोकांची संख्या लक्षणीय होती. ज्या समाजाला गावात जमीन नाही, असली तर वतनाची आणि वतनापोटी राबणूक अटळ, त्या समाजातील माणसाच्या हाती दरमहा सरकारी खजिन्यातून ठरावीक रक्कम पडू लागली. ती खोताला अडवता येत नव्हती, पाटलाला कापता येत नव्हती आणि सावकाराला जप्त करता येत नव्हती. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले, आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून धर्मशास्त्राच्या अभिमान्यांना जाहीर प्रश्न विचारले. सुभेदार रामजी सकपाळही १८९४ च्या सुमारास निवृत्त झाल्यावर काही काळ तेथेच होते. या माणसांचे धैर्य त्यांचे स्वतःचे होते, यात शंका नाही. पण ज्या गावाला प्रश्न विचारायचे त्या गावाच्या भाकरीवर आपण अवलंबून नाही, ही निश्चिंती त्यांना पेन्शनच्या पुस्तकाने दिली होती. महारांची लष्करभरती सरकारने बंद केली तेव्हा त्याविरुद्ध याच निवृत्तांनी अर्ज-विनंत्यांची मोहीम उघडली, कारण भरतीबरोबर पुढल्या पिढीची ही निश्चिंतीही बुडणार, हे त्यांनी ओळखले होते.

पुण्याला पेन्शनरांचे गाव म्हणतात ते निराळ्या अर्थाने. पंचावन्नावे वर्ष लागले की मामलेदार, सबजज्ज, शिरस्तेदार, हेडमास्तर ही मंडळी पेन्शनीत निघत आणि पुण्यास येऊन घर बांधत. या वर्गापुढेच आजचा प्रश्न त्याच्या आजच्या रूपात प्रथम उभा राहिला, ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. पेन्शनचा काही अंश सरकारला परत देऊन त्याबदली ठोक रक्कम घेण्याची सवलत होती; लोक त्याला सरळ ‘पेन्शन विकणे’ म्हणत. विकण्यापूर्वी सरकारी डॉक्टर प्रकृती तपासत असे. पेन्शनर ठणठणीत असला तर कोष्टकाप्रमाणे पूर्ण रक्कम मिळे. हृदयात किंवा फुप्फुसात काही दोष आढळला तर त्याचे वय कागदोपत्री दोन-चार वर्षांनी वाढवले जाई आणि रक्कम त्या प्रमाणात घटे. म्हणजे जन्मभर रजेसाठी आजारपणाचे दाखले मिळवणारा कारकून या एकाच डॉक्टरापुढे आपण किती धडधाकट आहोत हे सिद्ध करण्याची शिकस्त करीत असे. हाती आलेल्या पैशात कोणी एरंडवण्याला जागा घेई, कोणी मुलीचे लग्न उरके, कोणी जावयाच्या धंद्यात घाली, आणि उरलेले पेन्शन मात्र आमरण दरमहा येत राही. विकलेला अंश पंधरा वर्षांनी पुन्हा चालू करावा, हे तत्त्व १९८० च्या दशकात न्यायालयात मान्य झाले; तोपर्यंत दीर्घायुषी पेन्शनर सरकारला घेतलेल्या रकमेच्या किती तरी पट देऊन बसत असे. अर्धे आश्वासन आणि अर्धी रोकड अशी ही विभागणी, माझ्या मते, त्या काळच्या नोकरशाहीने अजाणता केलेला सर्वात शहाणा प्रयोग होता; पण तो हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या वर्गापुरताच राहिला.

बाकीच्यांनी आपली पुंजी आपण सांभाळायची होती, आणि ती कशी सांभाळली जाई याचा पहिला मोठा धडा मुंबईने १८६५ मध्ये घेतला. अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आलेला पैसा कोठे ठेवावा हे न कळून शहराने तो शेअरांत ओतला. बॅक बे भरावाच्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या चिठ्ठीवर बँका कर्जे देऊ लागल्या. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेल्याची वार्ता येताच कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी शहरातील अर्धी श्रीमंती कागदाच्या मोलाची ठरली. ज्या बँक ऑफ बॉम्बेत खुद्द सरकारचे भाग होते ती सावरली नाही, आणि १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. दिनशा वाच्छा यांनी पुढे या प्रकरणाचा इतिहास लिहिला, तो आजच्या गुंतवणूकदारानेही वाचावा असा आहे. त्यात नावे तेवढी बदलायची.

शेअरांशी ज्यांचा संबंध नव्हता त्या सामान्य जनांसाठी टपाल खात्याने १८८२ मध्ये बचत बँक उघडली. त्यापूर्वी दोन वर्षे मनीऑर्डर सुरू झाली होती, आणि गिरणगावच्या इतिहासात बचतीच्या खात्यापेक्षा मनीऑर्डरीचे स्थान कितीतरी मोठे आहे. गिरणी कामगाराची गुंतवणूक हीच होती: दरमहा गावी जाणारे पाच-सात रुपये. त्यांतून घरावर कौले चढत, गहाण पडलेले शेत सुटे, बैल येई, धाकट्या भावाचे लग्न होई. आणि यांपैकी प्रत्येक गोष्ट पन्नाशीनंतर परतणाऱ्या माणसाच्या त्या घरातील जागेचा हप्ता होती. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशनने १९३१ च्या आपल्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, ते एक बळच आहे, असा अभिप्राय दिला, आणि त्यामागे हाच व्यवहार होता. मात्र त्याच अहवालाने कामगाराच्या कर्जाचाही पंचनामा केला. बहुसंख्य कामगार कर्जात होते, आणि रुपयाला दरमहा एक आणा हा सावकारीचा सर्रास चालणारा दर होता. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा ७५. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर काठी टेकून उभा असलेला पठाण मुद्दल मागत नसे. त्याला व्याजच पुरेसे होते. खानावळवाली, वाणी, मुकादम आणि पठाण यांचे देणे चुकते करून उरलेल्या पैशातून म्हातारपणाची बेगमी करावी, असे या माणसाला सांगणे हे उपदेशाचे काम असेल, अर्थकारणाचे खास नव्हे.

मालकांपैकी काहींना हे उमगले होते. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच पेन्शनची व्यवस्था केली आणि पुढे १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू केला. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात तो १९२० मध्ये आला. विदर्भातल्या गावांतून आलेला मजूर हंगाम आला की शेतीकडे पळे, त्याला टिकवून धरण्याची गरज हे या औदार्यामागील एक कारण होते, आणि ते नाकारण्यात हशील नाही. रेल्वे व सरकारी खात्यांतील निधींना १८९७ च्या आणि मग १९२५ च्या कायद्याने जप्तीपासून संरक्षण मिळाले. कोळसा खाणींसाठी १९४८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. परंतु परळ-लालबागच्या सर्वसाधारण कामगाराला निधी लागू होण्यासाठी १५ नोव्हेंबर १९५१ चा वटहुकूम, मार्च १९५२ चा कायदा आणि त्याखाली त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अंमलात आलेली योजना यांची वाट पाहावी लागली. सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड हे सहा उद्योग, आणि त्यांतही पन्नास किंवा अधिक कामगार असलेले कारखाने, एवढीच तिची पहिली व्याप्ती होती. पन्नासाची अट पुढे १९६० मध्ये वीसवर आली.

वर्गणीचा दर शेकडा सव्वासहा ठरला. दशमान नाण्यांपूर्वीच्या त्या काळात हा आकडा असा विचित्र का, याचे उत्तर सोपे आहे: रुपयाला एक आणा. ज्या दराने पठाण दरमहा व्याज नेत होता, नेमक्या त्याच दराने आता कामगाराच्या पगारातून निधी कापला जाऊ लागला, आणि तेवढाच आणखी एक आणा मालकाला घालावा लागला. त्यावर पहिली काही वर्षे शेकडा तीन टक्के व्याज मिळे. तीन टक्क्यांत काय होते, असे शेअरबाजार जाणणाऱ्या माणसाने विचारले तर ते गैर नव्हते. पण ज्याच्या पगाराच्या दिवशीच पंचाहत्तर टक्क्यांचा तगादा दाराशी उभा, त्याच्यासाठी मालकाचा आणा हीच पहिल्याच दिवशी शंभर टक्के वाढ होती, आणि मुख्य म्हणजे तो पैसा त्याला सहजी काढता येत नव्हता. कायद्याच्या दहाव्या कलमाने हा निधी गहाण टाकता येणार नाही, न्यायालयाच्या हुकूमनाम्याखाली जप्त होणार नाही, आणि सभासद वारल्यावर वारसाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर मृताच्या देण्याचा बोजा राहणार नाही असे ठरवले. १८७१ मध्ये सुभेदार-मामलेदारांना मिळालेले छत्र त्यापुढे ऐंशी वर्षांनी साचेवाल्याच्या डोक्यावर आले.

सक्तीविषयी त्या वेळीही तक्रार होती, आणि ती समजण्याजोगी होती. घामाचे पैसे, ते कापून सरकारने आपल्या रोख्यांत गुंतवावेत, आणि पंचवार्षिक योजनांसाठी वापरावेत, हा सौदा कामगाराला कोणी विचारून केला नव्हता. महागाई व्याजापेक्षा वेगाने चढली त्या वर्षांत निधीची पुंजी आकड्यांनी वाढली आणि मोलाने घटली. नव्वदीच्या दशकात बारा टक्के व्याज मिळाले ते दिवस आठवून हळहळणारे पुष्कळ भेटतात, पण तेव्हा भाववाढही कशी होती ते ओघात विसरले जाते. गिरणगावात ‘फंड’ हा शब्द जितक्या आदराने उच्चारला जाई तितक्याच संशयाने वर्षाकाठी येणारी स्लिप वाचली जाई. इंग्रजीतल्या त्या चिठ्ठीवर शिलकेचा आकडा, मालकाची वर्गणी, सभासदाची वर्गणी, व्याज, आणि बहुधा चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेले नाव. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव एक, गिरणीच्या हजेरीपटावर दुसरे, आणि आडनावाच्या जागी गावाचे नाव अशा गोंधळात निवृत्तीनंतर वर्ष-सहा महिने वांद्र्याच्या कार्यालयात खेटे घालावे लागलेल्या माणसांची संख्या थोडी नव्हती. चाळीतला शिकलेला मुलगा फॉर्म भरून देई, आणि वारसाच्या रकान्यात कोणाचे नाव घालायचे यावरून गावी आणि मुंबईत एकाच वेळी अबोला धरला जाई.

यापेक्षा गंभीर दोष निराळा होता. पगारातून कापलेली वर्गणी निधीत न भरता कारखान्याच्या खर्चात वापरण्याची वाट आजारी गिरण्यांनी लवकरच शोधून काढली. १९७३ मध्ये दंडविधानात दुरुस्ती होऊन अशी रक्कम न भरणे हा फौजदारी विश्वासघात ठरला, तरी गुन्हा ठरणे आणि पैसा परत मिळणे यांत अंतर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले; संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या काळात घरातले मंगळसूत्र आधी गेले, मग भांडी. ज्यांनी अखेर ‘हिशेब घेतला’ त्यांना फंड आणि ग्रॅच्युइटी एकदम हाती आली, पण ती म्हातारपणासाठी नव्हे तर उधारी फेडण्यासाठी. बंद पडलेल्या गिरण्यांत थकलेली देणी मिळवण्यासाठी उरलेल्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या आणि अवसायकाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. ज्यांनी मनीऑर्डरीतून गावचे घर उभे केले होते, त्यांना निदान परतण्यास जागा होती. मुंबईत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीच्या कामगाराला तीही नव्हती. व्हिटले कमिशनने बळ म्हणून नावाजलेले ते गाव एव्हाना विरत चालले होते.

मग स्वतःच्या हिमतीवर पैसा राखणाऱ्याचे काय झाले? त्याचीही वाट सपाट नव्हती. १९६० मध्ये केरळातील पलई सेंट्रल बँकेबरोबर अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली, आणि विदर्भातल्या ठेवीदारांना बँकेच्या पासबुकाचाही भरवसा धरता येत नाही हे कळून चुकले. त्यातून ठेव विमा महामंडळ निघाले; १९६२ मध्ये प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. आयुर्विम्याच्या खासगी कंपन्यांची अवस्था पाहून चिंतामणराव देशमुखांनी जानेवारी १९५६ मध्ये त्या ताब्यात घेतल्या. त्यांत साताऱ्याची वेस्टर्न इंडिया विमा कंपनीही गेली. दुकानदार, वकील, वैद्य अशा धनी नसलेल्या मंडळींसाठी सरकारने १९६८ मध्ये सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी काढला, आणि त्यालाही मर्यादित का होईना, जप्तीपासून संरक्षण दिले. म्हणजे स्वतंत्र धंदेवाल्याने आपण होऊन आपल्या पैशाला कुलूप लावावे, अशी ही सोय होती. ती लोकप्रिय झाली. माणसाला स्वातंत्र्य हवे असते तितकेच त्यापासून थोडे संरक्षणही हवे असते, याचा हा सरकारी दप्तरातला पुरावा.

युनिट ट्रस्टच्या चौसष्ट सालच्या योजनेने या दोन्ही वाटांच्या मधोमध तिसरी वाट असल्याचा भास निर्माण केला. शेअरांतला नफा आणि सरकारी संस्थेचे नाव, असा दुहेरी मोह त्यात होता. निवृत्त शिक्षकांनी, बँक कर्मचाऱ्यांनी आणि विधवांनी त्यात पैसे ठेवले, ते सरकारची हमी आहे असे समजून. तशी हमी कागदावर कोठेच नव्हती. २ जुलै २००१ रोजी युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली, तेव्हा त्या युनिटामागील मालमत्तेचे खरे मोल दहा रुपयांच्या दर्शनी किमतीपेक्षाही कमी होते. त्याच सुमारास राष्ट्रीयीकृत बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले होते, आणि आयुष्यात प्रथमच एवढी मोठी रक्कम एकरकमी हाती आलेल्या या मंडळींना ती कोठे ठेवावी याची शिकवण याहून कडवट रीतीने मिळाली नसती.

तोवर निधीचेही रूप पालटले होते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या वर्गणीतला वेतनाच्या ८.३३ टक्क्यांएवढा हिस्सा कामगाराच्या निधी खात्यात न जाता वेगळ्या पेन्शन निधीत जाऊ लागला. हेतू चांगला होता: ठोक रक्कम हाती पडली की वर्षा-दोन वर्षांत संपते, दरमहा काही येत राहिले तर म्हातारपण निभावते. परंतु पेन्शनपात्र वेतनाला कमाल मर्यादा होती, ते वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर असे सूत्र होते, आणि भाववाढीशी त्याचा कोणताही संबंध जोडलेला नव्हता. साडेसहा हजारांच्या मर्यादेवर वीस वर्षे सेवा झालेल्या माणसाचा हिशेब या सूत्राने अठराशे सत्तावन्न रुपयांवर येतो. योजनेपूर्वीच्या सेवेसाठी तर अगदी अल्प ठोक रक्कमच धरली जाई. ज्यांचा सारा उमेदीचा काळ १९९५ च्या आधी गेला त्या गिरणी कामगारांना यात काय मिळाले असेल, हे सांगायला नको.

आणि गंमत अशी की, कामगाराला रोकडीकडून पेन्शनकडे नेणाऱ्या सरकारने अवघ्या नऊ वर्षांत आपल्या नोकरांना पेन्शनकडून बाजाराकडे नेले. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी ठरावीक पेन्शन बंद करून अंशदानाची योजना लागू केली. हाती किती येईल ते त्या योजनेत निधीच्या कमाईवर ठरणार होते. तिकडे कर्मचारी भविष्य निधीनेही २०१५ पासून नव्या जमेचा थोडा हिस्सा शेअरबाजारात घालण्यास आरंभ केला. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी व शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ अशी घोषणा देत आठवडाभर संपावर गेले, तेव्हा खासगी नोकरीतील पुष्कळ जणांनी त्यांच्यावर टीका केली. करदात्यांवर पडणाऱ्या बोज्याविषयीचा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण बाजारात अधिक मिळेल असे सांगितल्यावरही एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांना ठरावीक रक्कमच का हवी होती, याचा विचार त्या टीकेत फारसा आढळला नाही. दापोलीच्या सुभेदाराला तो समजला असता.

पेन्शनचा एक जुना शिरस्ता मात्र अजून सुटलेला नाही. दर नोव्हेंबरात निवृत्तांनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी खजिन्यात जाऊन कारकुनापुढे उभे राहावे लागे. पेन्शनच्या आदेशाचे दोन भाग असत, एक खजिन्याकडे आणि एक पेन्शनराकडे, आणि दोन्ही जुळवून, सही किंवा अंगठा ताडून मगच पैसे मिळत. २०१४ पासून बोटाचा ठसा यंत्रावर देऊनही हयातीचा दाखला काढता येतो. वयोमानाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या कष्टकऱ्यांचे ठसे ते यंत्र पुष्कळदा ओळखत नाही, आणि त्यांना पुन्हा बँकेच्या खिडकीशी जाऊन उभे राहावे लागते.

२०१४ मध्येच १९९५ च्या योजनेखालील किमान पेन्शन दरमहा एक हजार रुपये ठरवण्यात आले. त्याविरुद्ध डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर निवृत्त कामगारांनी साखळी उपोषण आरंभले. साखर कारखाने, सूतगिरण्या, एस. टी., वीज मंडळ अशा ठिकाणी जन्म घालवलेली सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसे त्या मंडपात पाळीपाळीने येऊन बसत. त्यांची मुख्य मागणी साडेसात हजार रुपये किमान पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता अशी होती.